रिंगणातले हिराजीशेठ

हिराजीशेठनी जन्मभर फटाके विकले, पण त्यांच्या हातून एखादी फुलबाजी पेटलेली कुणी पाहिली नव्हती. पनवेलच्या बाजारात त्यांचं दुकान होतं, तिथे त्यांचा पुतण्या प्रकाश बसायचा. शेठ स्वतः दुकानात क्वचितच दिसत. ते राहायचे करंजाड्याच्या पुढे, भाताच्या खाचरांमध्ये बांधलेल्या फटाक्यांच्या कोठारापाशी. कोठार म्हणजे जाड भिंतींची आणि एकाच दाराची खोली. तिच्याभोवती काटेरी कुंपण, कुंपणाच्या फाटकाशी शेठची खोपी, आणि चारी बाजूंना मोकळी जमीन. त्या मोकळ्या जमिनीत कुणी घर बांधायचं नाही आणि चूल पेटवायची नाही, ही सरकारची अट. लायसन्सला जोडलेल्या नकाशात कोठाराभोवती लाल शाईने एक वर्तुळ काढलेलं होतं. शेठ त्याला रिंगण म्हणायचे आणि गावातले लोक शेठना रिंगणातला हिराजी म्हणायचे.

मी तेव्हा एका विमा कंपनीच्या पनवेल शाखेत होते. कोठाराचा आगीचा विमा आमच्याकडे होता, म्हणून दरवर्षी पाहणीला कुणीतरी जायचं. मी नवी होते, त्यामुळे कुणाला नको असलेलं हे काम माझ्या गळ्यात पडलं. भर उन्हात रिक्षावाल्याशी वाद घालत मी फाटकाशी पोचले, तर आतून एक उंच, काळेसावळे, अनवाणी गृहस्थ आले आणि नमस्कार वगैरे काही न करता म्हणाले, "म्याडम, चपला भायेर."

मी चपला काढल्या.

"मोबाइल डब्यान टाका." फाटकाला बिस्किटांचा जुना डबा टांगलेला होता. मी मोबाइल टाकला. मग त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं. "नायलनची हाय?"

"हो. मग?"

"मंग उद्या या. सुती नेसून या."

माझं डोकंच फिरलं. अर्धा दिवस मोडून आले होते मी. साडीचा आणि विम्याचा काय संबंध, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्यांचा आवाज मात्र चढला नाही. "नायलन अंगाला घासतं, ठिनगी पडते. तुमाला दिसत नाय ती. फटाक्याच्या दारूला दिसते." आणि फाटक लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सुती साडी नेसून, मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी पुन्हा गेले. प्रकाशला हे सांगितलं तेव्हा तो हसून हसून बेजार झाला. म्हणाला, "मॅडम, गेल्या वर्षी तपासणीचे साहेब टेरिकॉटची पँट घालून आले होते. काकांनी त्यांना स्वतःचं धोतर काढून दिलं. साहेब धोतर नेसून आत गेले." ते खरं की खोटं मला ठाऊक नाही, पण शेठना ओळखणाऱ्या माणसाला ते खोटं वाटलं नसतं.

कोठारात सगळी लाकडी फडताळं होती आणि त्यांना तांब्याचे खिळे. कुलूप पितळी. आत दिवा नाही, दिव्याची वायरसुद्धा नाही. सूर्य मावळला की दार बंद, मग दारात आमदार उभा असला तरी ते उघडत नसे. हे सगळं नियमातच होतं. पण शेठ नियमाच्याही चार पावलं पुढे असायचे. एकदा शेजारच्या शेतकऱ्याचा बैल कुंपणापाशी चरायला आला, तर त्याच्या नालांचं लोखंड दगडावर घासेल म्हणून ते त्याला पार ओढ्यापर्यंत हाकलत गेले. शेतकरी त्यांच्या नावाने शंख करत मागून पळत होता. शेठचं उत्तर सगळ्यांना एकच असायचं, "नियम हाय."

बैलाच्या नालांबद्दल कुठे काही लिहिलेलं नसणार. पण शेठनी "नियम हाय" म्हटलं की पुढे बोलणंच खुंटायचं.

कोठाराला राखणदार हवा, असा नियम होता. तो राखणदार खुद्द मालकानेच व्हावं असं कुणी म्हटलं नव्हतं. पूर्वी त्यांच्याकडे पगारी राखणदार असत. बायको वारली आणि काही दिवसांतच शेठनी असलेल्या राखणदाराला विडीच्या संशयावरून काढून टाकलं आणि स्वतः खोपीत राहायला आले. पुढे प्रकाशने दोन-तीन माणसं आणून उभी केली. एकाच्या अंगाला तंबाखूचा वास येत होता, एक रात्री गाणी म्हणायचा, एकाचं नुसतं बघणंच शेठना पटेना. शेवटी प्रकाशने नाद सोडला. गावातल्या घरून सकाळी दूधवाल्याबरोबर डबा यायचा. रिंगणात चूल पेटवायची नाही, तेव्हा सकाळी आलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण दुपारी गार आणि संध्याकाळी आणखी गार खायचं. चहा प्यायचा तर मोठ्या रस्त्यावरच्या टपरीपर्यंत चालत जायचं, तोही उभ्या उभ्या आणि नजर मागे ठेवून. मी एकदा म्हटलं, "शेठ, निदान थर्मास तरी ठेवा." ते म्हणाले, "सवय लागली का मंग गरम नाय ते गोड लागत नाय."

त्यांच्या मुलाच्या, नीलेशच्या, हळदीची गोष्ट सुनेनेच मला सांगितली. आगरी माणसाची हळद म्हणजे सगळं गाव मांडवात, बँड, मटण, आणि फटाके तर हवेतच. फटाक्यांच्या व्यापाऱ्याच्या मुलाची हळद, तेव्हा लोकांनी काय काय मनात धरलं असेल! शेठनी दुकानातून माल दिला, पण स्वतः हळदीला आले नाहीत. गावात आतषबाजी आणि कोठाराला माणूस नाही, हे त्यांना चालणारं नव्हतं. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पंगत बसायच्या आत परत गेले. वऱ्हाडी विचारत राहिले, नवऱ्याचा बाप कुठे? दुसऱ्या दिवशी नवरानवरी पाया पडायला कोठारावर गेली. सून नव्या जरीच्या साडीत, पदराला चमचमती टिकली, आणि कापड अर्थातच सुती नव्हतं. शेठनी तिला कुंपणाबाहेरच उभी केली. तिने कुंपणाबाहेरून वाकून नमस्कार केला आणि त्यांनी तारेवरून हात लांबवून तिच्या डोक्यावर ठेवला. "हात बराच वेळ डोक्यावर होता त्यांचा," ती म्हणाली. "मला वाटलं, आता रडतात की काय. पण म्हणाले काय, तर बांगड्या तारंला लागू देऊ नको." हे सांगताना ती हसत होती. मला काही हसू आलं नाही.

एका दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन गेले. तोवर आमची ओळख चांगली मुरली होती, मी करंजाड्यातच फ्लॅट घेतला होता आणि माझ्या गॅलरीतून कोठार दिसायचं. तिन्हीसांजेची वेळ होती. शेठ पाण्याने भरलेल्या बादल्या ओळीत मांडून आभाळाकडे बघत बसले होते. करंजाड्याच्या इमारतींवरून बाण सुटत होते. एखादा वारा धरून इकडे आला तर, ही त्यांची धास्ती. पण तेवढंच नव्हतं. एक बाण हिरवा फुटला की ते म्हणायचे, "ह्यो आपला." दुसरा नुसताच आवाज करून विझला की तोंड वाकडं करून, "ह्यो आपला नाय." त्या अंधारात बसून ते आपला माल ओळखत होते. लोकांच्या गच्च्यांवर, लोकांच्या पोरांच्या हातून त्यांची दिवाळी चालली होती. मी विचारलं, "तुम्हाला कधी वाटत नाही, एखादा आपण उडवावा?"

"रिंगनान कसा उडवनार?"

"रिंगणाबाहेर जाऊन उडवा."

"मंग रिंगन कोन राखंल?" असं म्हणून त्यांनी चकली उचलली. मी उठेपर्यंत त्यांनी मला बरंच काही विचारलं, आईचे गुडघे, ऑफिसातली बदली, फ्लॅटचं पाणी. माणूस बोलायला किती आसुसलेला होता! मी निघाले तेव्हा फाटकाशी येऊन उभे राहिले आणि मी रस्त्याला लागेपर्यंत तसेच होते.

मग संपतराव आले. ते साताऱ्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळा जन्म घाटात गाडी चालवण्यात गेला, आता मुंबईच्या जवळ आपलं चार भिंतींचं घर असावं म्हणून फंडाच्या पैशांतून त्यांनी गुंठाभर जागा घेतली. एजंटने विमानतळ किती जवळ येणार ते सांगितलं. संपतरावांनी सातबारा पाहिला, पाणी कुठून येतं ते पाहिलं, दार पूर्वेला येतंय का ते पाहिलं. एवढी मोकळी जमीन असून इथे आजवर एकही घर का नाही, हे मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांना मोकळी जागा बघून आनंदच होतो. ती जागा कोठाराच्या मागच्या अंगाला, रिंगणाच्या आत होती. धोक्याची पाटी पुढच्या अंगाला.

पाया खणायला लागले तेव्हा शेठ तिथे गेले आणि म्हणाले, "इथं घर बांधू नका. नियम हाय." पुढे काही नाही. संपतरावांना वाटलं, हा इथला जमीनदार बाहेरच्या माणसाला दमात घेतोय. ते म्हणाले, "सातबारा हाय माझ्याकडं. तुमच्या जागेत पाय ठेवला तर बोला." आणि त्यांनी गवंड्याला आणखी दोन माणसं लावायला सांगितली.

त्याच आठवड्यात प्रकाश तक्रारीचा अर्ज टाइप करून घेऊन आला. शेठनी फक्त सही करायची होती. कोठार रीतसर, घर बेकायदा, बांधकाम जोत्यावरच थांबलं असतं. आणि थांबवलं नाही तर पुढच्या नूतनीकरणाला लायसन्स अडकलंच, इतकं ते उघड होतं. शेठ म्हणाले, "उद्या करतो." उद्याचा परवा झाला. भिंती चढल्या, पत्रे पडले. प्रकाश मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी सांगा. माझंही पोट आहे त्या दुकानावर." मी सांगितलं. शेठ मान हलवत राहिले. मागे एका बैलाला ओढ्यापर्यंत हाकलणारा माणूस डोळ्यांदेखत रिंगणात घर उभं राहू देत होता, आणि ते का, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

घरभरणीच्या दिवशी संपतरावांची बायको, सुमनबाई, झाकलेलं ताट घेऊन फाटकाशी आली. नवऱ्याचं आणि शेठचं काय वाजलंय ते तिच्या गावीही नव्हतं. "दादा, घरभरणीचं जेवण हाय. न्हाय म्हणू नका." पुरणाची पोळी तव्यावरून उतरलेली, तुपाची धार अजून पातळ होती. शेठ खोपीच्या दारात बसून ते जेवले. दुसऱ्या दिवशी ताट द्यायला गेले तेव्हा ताटात आपल्या शेतातले वाल घालून नेले, कारण दिलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. आणि तिला म्हणाले, "वयनी, तुमचा गॅस पलीकल्या खोलीन घ्या ना. इकडं नको."

तिने कारण विचारलं नाही. त्यांना वास्तुशास्त्र कळत असावं असं तिला वाटलं. तिने दुपारी गॅस, ओटा, मांडणी सगळं पलीकडच्या खोलीत हलवलं आणि पुढे आल्यागेल्याला सांगत राहिली, शेजारचे दादा फार जाणते आहेत, स्वयंपाकघराची दिशा त्यांनी सांगितली तेव्हापासून घरात बरकत आहे.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिकडून ताट येऊ लागलं. बाजरीची भाकरी, कधी पिठलं, कधी वांग्याचं भरीत. शेठनी घरून येणारा डबा एक वेळचा केला. अंगावर जरा मांस चढलं. मी गेले की सांगायचे, "वयनीच्या हातचा ठेचा लय तिखट." संपतरावही हळूहळू निवळले. सकाळी कुंपणाच्या त्या बाजूला उभे राहून पावसापाण्याचं बोलायचे. याआधी शेठना मी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

गणपतीनंतर दिवाळीचा माल आला. मोठा ट्रक, आणि दिवसभर खोकी उतरत राहिली. आजवर संपतरावांना वाटत होतं, शेजारी फटाक्यांच्या दुकानदाराचं गोदाम आहे, म्हणजे असतील चार पेट्या. आता ते खिडकीतून एकेक खोकं बघत बसले. ड्रायव्हर असताना त्यांनी एसटीत रॉकेलचा डबा घेऊन चढलेल्या माणसाला उतरवण्यासाठी गाडी घाटातच अडवून धरली होती. बायकोला न सांगता त्यांनी कचेरीत अर्ज दिला की माझ्या घराला लागून स्फोटकांचा साठा आहे, तो ताबडतोब हलवावा.

तो अर्ज आणि नूतनीकरण एकदमच पुढे आलं. शेठना सुनावणीची नोटीस आली. प्रकाश नुसता पेटला होता. "बघा काका! तुम्ही त्यांना वाचवायला बसलात आणि त्यांनीच तुमच्या पोटावर पाय दिला. आता तरी खरं काय ते सांगा. घर नंतर झालंय, एवढं सांगितलं की पाडतील." नोटीस आली त्या संध्याकाळीही सुमनबाईचं ताट आलं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं. मी शेठना विचारलं, "जेवलात?"

"जेवलो ना. तिचा काय दोस?"

सुनावणीला त्यांनी मला बरोबर नेलं, कागद इंग्रजीत असतील म्हणून. कचेरीच्या त्या लांबट खोलीत टेबलामागे एक बाई अधिकारी होत्या. समोर शेठ, प्रकाश आणि मी. दुसऱ्या टोकाला संपतराव, एसटीच्या नोकरीतली जपून ठेवलेली फाइल छातीशी धरून. अधिकारी बाईंनी दोन्ही बाजूंचं वाचलं आणि संपतरावांना समजावून सांगितलं की मामला ते समजतात तसा नाही. "कोठार जुनं आहे, परवाना आहे. गेल्या नूतनीकरणाच्या नकाशात हे घर नाही. म्हणजे घर नंतर बांधलंय. मनाई असलेल्या जागेत नंतर बांधलेलं घर पाडावं लागतं. घर आधीचं असेल आणि यांनी ते लपवलं असेल, तर यांचा परवाना रद्द होतो. दोन्हींतलं एक. सांगा, कधी बांधलं?"

संपतरावांचा चेहरा मी विसरणार नाही. ते घर वाचवायला आले होते आणि आपल्याच अर्जाने ते पाडायची वेळ आली होती. फाइलची दोरी सोडत होते, बांधत होते.

शेठ उठून उभे राहिले. "घर आदीच व्हतं, सायेब. मीच नकाशान दावलं नाय."

"काका!" प्रकाश ओरडला.

अधिकारी बाईंनी फाइलीतला फोटो पाहिला. त्या घराच्या भिंतींना बाहेरून अजून गिलावासुद्धा नव्हता. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि शेठकडे बघितलं. "तुम्ही काय कबूल करताय ते कळतंय ना? खोटा नकाशा दिला, असं लिहावं लागेल मला. परवाना पुन्हा मिळणार नाही."

"लिवा," शेठ म्हणाले.

मला कुणी काही विचारलं नाही. प्रकाश खुर्ची सरकवून निघून गेला. मी शेठशेजारी बसले होते आणि मला त्यांचा इतका राग आला होता, आणि इतकं रडू येत होतं, की मी खिडकीबाहेर बघत राहिले. ज्या माणसाने जन्मभर स्वतःच्या सुनेलाही कुंपणाच्या आत घेतलं नाही, त्याच्या नावावर आता कचेरीत कायमचं लिहिलं गेलं की हा नियम मोडणारा आहे. जिन्यात संपतरावांनी त्यांचे पाय धरले. शेठनी त्यांना उठवलं आणि एवढंच म्हणाले, "घरी वयनीना नका सांगू."

कचेरीच्या हुकमाने माल दुसऱ्या परवानेवाल्याकडे गेला. प्रकाश काही महिने काकांशी बोलला नाही, मग त्याने दुकानात आकाशकंदील आणि पिचकाऱ्या ठेवायला सुरुवात केली. कोठार रिकामं झालं. त्या दिवाळीत शेठ पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरी पाटावर बसून जेवले. मीही होते. सुमनबाई गरम अनारसे वाढत होती, संपतराव घाटातल्या गोष्टी सांगत होते, ब्रेक नसलेली गाडी पायथ्यापर्यंत कशी आणली वगैरे. त्या गोष्टीत दर वेळी एक वळण वाढायचं. शेठ मांडी बदलत, पुन्हा वाढून घेत, घरच्याच माणसासारखे सगळ्यांकडे बघत बसले होते. हिवाळाभर रोज संध्याकाळी ते तिथेच असायचे. मला वाटलं, झालं ते बरंच झालं.

पण परवाना गेला म्हणजे मनाईही गेली. लाल वर्तुळातल्या जमिनीवर आता काहीही बांधता येणार होतं, आणि हे एजंटांना आमच्याआधी कळलं. आलिशान गाड्या बांधावर येऊन उभ्या राहायला लागल्या. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी एकामागून एक सौदे केले. संपतरावांच्या गुंठ्याला मध्ये असल्यामुळे जास्तच भाव आला. त्यांच्या मुलाने गावाकडे घर बांधायला काढलं होतं, तो म्हणाला, विका आणि या, तिथे एकटे कशाला राहता? यात वावगं काय होतं? कुणीही हेच केलं असतं. सुमनबाई माझ्याकडे येऊन रडली. "दादांना कसं सांगू, मला तोंड न्हाय," म्हणाली. तिला ती सुनावणी तेव्हाही ठाऊक नव्हती.

सामान हलवलं त्या दिवशी मी रजा काढून गेले. शेठ सकाळपासून हमालांबरोबर राबत होते. कपाट कुठून धरायचं, आरसा कशात गुंडाळायचा, टेम्पोत गॅसची टाकी कुठे ठेवायची, सगळं तेच सांगत होते. निघताना दोघांनी त्यांना नमस्कार केला. सुमनबाईने वाटेतल्या जेवणातल्या भाकऱ्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. "दादा, सुट्टीला या आमच्याकडं. आता काय, तुम्हाला कोठार न्हाय काय न्हाय, मोकळंच हाय तुम्ही." शेठ म्हणाले, "येतो ना."

टेम्पो गेला. आम्ही दोघं खोपीपुढच्या बाकड्यावर बसलो. पलीकडे बिल्डरची माणसं पत्र्यांचं कुंपण घालायला आली होती, त्यांचे हातोडे वाजत होते. मी म्हटलं, "शेठ, आता नीलेशकडे खारघरला जा. सून किती बोलावते. इथे काय राहिलंय आता?"

"जाईन," ते म्हणाले. भाकऱ्यांचं फडकं मांडीवर तसंच होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्याडम, तुमी कागदातल्या. तं लायसन परत मिळंल का हो?"

"कशाला पाहिजे आता? धंदा करणार आहात का परत?"

"धंद्याला नाय."

"मग?"

"लायसन व्हतं तवा कुनी विचारीत नव्हतं, हिराजी एकटा का रातो म्हनून. मी पन सोताला विचारीत नव्हतो." त्यांनी मांडीवरच्या फडक्याची गाठ सारखी केली. "एकटं रावाला कायतरी कारन पायजे ना, म्याडम."

मी तशीच त्यांच्या शेजारी बसून राहिले, आणि पत्रे ठोकणारी माणसं काम संपवून जाईपर्यंत आम्ही दोघंही उठलो नाही.